मी मलेशियाची नाही

मी एक शेकरू आहे. आता जुनीच म्हणायला हवी, कारण माझ्या बरोबरीची पुष्कळ शेकरं मोरघारीने केव्हाच उचलून नेली. आवाज मात्र अजून खणखणीत आहे. मी ओरडले की कड्याखालच्या वाडीतली कुत्रीसुद्धा मान वर करतात. मित्रांनो, त्याच आवाजात मी आज बोलणार आहे. ज्यांना हळू बोललेलं आवडतं त्यांनी दुसऱ्या कुणाची तरी कहाणी ऐकावी.

आधी एक सांगते. मला 'मोठी खार' म्हणून मोकळे होऊ नका. तुमच्या अंगणातून शेंगदाणे पळवणारी पट्ट्यांची खार वेगळी. रामाने बोटं फिरवली ती तिच्या पाठीवर. माझ्या पाठीवर कुणाची बोटं उमटलेली नाहीत आणि उमटलेली मला चालणारही नाहीत. माझी पाठ तांबूस तपकिरी आहे, पोट सायीच्या रंगाचं आणि शेपूट अंगापेक्षा लांब. नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत मला उभी धरलीत तर पहिलीतल्या मुलाच्या खांद्याला लागेन. अर्थात, धरायला मी सापडले पाहिजे.

आमच्या घराण्यातल्या थोरल्या झाडखारी जगात चार प्रकारच्या. ईशान्येच्या डोंगरांत काळी राहते. दक्षिणेच्या टोकाला करड्या केसांची राहते. तिसऱ्या आम्ही, सह्याद्रीपासून मध्य भारतापर्यंतच्या रानांत पसरलेल्या. चौथी समुद्रापलीकडे, मलेशियाच्या बाजूला. ती फिकट रंगाची असते. मी तिला कधी पाहिलेलं नाही, पण तिच्या नावापायी मला पिंजऱ्यात राहावं लागलं.

आम्हा शेकरांच्याही माणसांनी पोटजाती पाडल्या आहेत. कुणी म्हणतं चार, कुणी म्हणतं जास्त. पाठीचा रंग किती गडद, शेपटाचं टोक किती पांढरं, यावरून मोठमोठे विद्वान वाद घालतात. घालोत बापडे. डांगच्या रानात म्हणे आमच्यातलीच एक फिकट पोटजात होती. आता ती कुणाला दिसत नाही. तिचं नाव पुस्तकात राहिलं आणि ती रानातून गेली. माझं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी फार लहानपणी ठरवलं.

माझा जन्म भीमाशंकरच्या कड्याखालचा. लोकांना वाटतं, शेकरू पाहायचं तर वर देवळाजवळच्या रानात जायचं. पण तेच रान कड्यावरून खाली कर्जत तालुक्यात उतरतं. ऐन, हिरडा, आंबा, जांभूळ, उंबर, एकाच्या फांद्या दुसऱ्यात अडकलेल्या. आम्ही पुणे जिल्ह्यात आहोत की रायगडात, हे आम्हाला कुणी विचारत नाही आणि आम्ही कुणाला सांगत नाही. फांदी जिथपर्यंत, तिथपर्यंत आमचा मुलूख.

एका उंच ऐनाच्या बेचक्यात आईने घरटं बांधलं होतं. काटक्यांचा मोठा गोळा, आत मऊ पानं. मी एकटीच पिल्लू. डोळे उघडून थोडेच दिवस झाले असतील. उन्हाळा होता. खालच्या बाजूला कुणाच्या तरी प्लॉटकडे जायला गाडीवाट रुंद करत होते. आमचा ऐन वाटेत आला. आई शेवटच्या क्षणी शेजारच्या आंब्यावर उडाली. मी घरट्यासकट खाली आले.

तोडणारे पुढच्या झाडाकडे गेले. लाकडं भरायला आपला टेंपो घेऊन एक माणूस आला. त्याचं नाव पोपट. पोशीरचा राहणारा. घरची भाताची थोडी शेती, आणि बाकीचे महिने टेंपोची भाडी. त्याने पाला बाजूला केला आणि मला उचललं. वर आंब्यावर माझी आई जिवाच्या आकांताने ओरडत होती. पोपटने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तो मला तिथेच आंब्याच्या बुंध्याशी ठेवून गेला असता तर आईने मला तोंडात धरून वर नेलं असतं. त्याने मला अंगातल्या शर्टात गुंडाळलं आणि टेंपोत ठेवलं. आईकडे पाहून त्याने हे केलं, हे मी विसरले नाही. पुढे कळलं, तोही विसरला नव्हता.

पोशीरच्या घरी त्याची आई होती, इंदूबाई. तिने मला पाहिलं आणि लेकाला पहिलाच प्रश्न केला.

"आईपासनं तोडलंस व्हय रं?"

पोपट म्हणाला, झाड पडलं होतं, राहिली असती तर कुत्र्यांनी खाल्ली असती. थोडी मोठी झाली की नेऊन सोडतो.  इंदूबाईने कापसाची वात केली आणि शेळीच्या दुधात बुडवून माझ्या तोंडाशी धरली. मी आधी तिच्या बोटाला चावले आणि मग दूध प्यायले. भाताच्या कणगीमागे एका टोपलीत तिने मला वाढवलं. ती मला नाव ठेवायची नाही. नाव ठेवलं की जीव अडकतो, आणि हिला तर परत जायचंय, असं ती शेजारणीला सांगायची.

मी टोपलीबाहेर उड्या मारायला लागले. सोडायची वेळ झाली होती. पण तेवढ्यात देवेशने मला पाहिलं.

हा देवेश लोधिवलीच्या पलीकडे एका फार्महाउसवर मॅनेजर होता. मालक मुंबईला राहायचा, सगळा कारभार देवेशच्या हाती. पोपटच्या टेंपोला त्याच्याकडून बारमाही काम असे. भाजी, खुर्च्या, मांडवाचं सामान. तो काही कामासाठी पोशीरला आला, मला कणगीवर उड्या मारताना पाहिलं आणि म्हणाला, ही दे, आमच्या पाहुण्यांना मजा वाटेल. पोपट नाही म्हणू शकला असता. पण काम तुटेल या भीतीने तो हो म्हणाला. इंदूबाई शेतावर गेलेली असताना त्याने मला पोत्यात घातलं. ती परत आली तेव्हा कणगीमागे रिकामी टोपली होती. त्या दिवसापासून तिने लेकाला ताट वाढलं, पण त्याच्याशी बोलणं कमी केलं.

फार्महाउसवर पोहायच्या तलावाशेजारी माझा पिंजरा मांडला. त्यावर पाटी लावली, 'मलेशियाची राक्षसी खार'. मित्रांनो, ही पाटी चुकून लावलेली नव्हती. शेकरू महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. त्याला पकडणं, पाळणं हा मोठा गुन्हा आहे. देवेशला हे पक्कं माहीत होतं. परदेशी म्हटलं की कोण विचारतंय? एका पाटीने त्याने मला माझ्याच डोंगरापासून समुद्रापार नेऊन टाकलं. आणि डोंगर तर समोर होता. सकाळी हवा स्वच्छ असली की पूर्वेला सह्याद्रीची निळी रेघ दिसायची.

मी रडत बसले नाही. देवेश पहिल्यांदा हात घालायला आला तेव्हा मी त्याचं बोट फोडलं. दुसऱ्यांदा तो हातमोजा घालून आला, मी हातमोजा फाडला. पाहुणे मोबाइल घेऊन आले की मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचे. आणि मी घरटं बांधायला घेतलं. पानं नव्हती, काटक्या नव्हत्या. मग मी कागदी रुमाल ओढून घेतले, मांडवाच्या झिरमिळ्या ओढल्या, फरशी पुसायच्या मॉपचे दोरे ओढले. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात वेडंवाकडं गोल घरटं झालं. देवेशने ते काढून फेकलं, कारण त्यात शिरले की मी कुणाला दिसत नसे. मी दुसरं बांधलं. त्याने तेही फेकलं. त्याला काय ठाऊक, शेकरू एका घरट्यावर कधीच विसंबत नाही. रानातसुद्धा आम्ही अनेक घरटी बांधून ठेवतो. त्याचे हात दुखले असतील, माझे दुखले नाहीत.

पोपट सामान घेऊन यायचा. तो पिंजऱ्याकडे बघायचा नाही. स्वयंपाकघर तलावाच्या या बाजूने जवळ होतं, तरी तो लांबून वळसा घालायचा. एकदाच तो जवळ आला. त्याच्या हातात उंबराची फळं लागलेली डहाळी होती. ती त्याने गजांतून आत सरकवली आणि खाली मान घालून निघून गेला. मी उंबरं खाल्ली. त्याला माफ केलं असं समजू नका. भूक लागली होती.

अशी वर्षं गेली. मग एका हळदीच्या कार्यक्रमाला सुप्रिया आली. ती खोपोलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नवरी तिची मैत्रीण. सगळे नाचत होते आणि ही माझ्या पिंजऱ्यापुढे उभी. पाटी वाचली, मला पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. तिने देवेशला बोलावलं आणि सांगितलं, मलेशियाची जी असते ती फिकट असते, ही आपली शेकरू आहे. देवेश हसला. कागदपत्रं मुंबईला आहेत म्हणाला.

"मॅडम, तुम्ही पाहुण्या म्हणून आलात. जेवून जा."

ती जेवून गेली. आणि दुसऱ्या दिवशी वनखात्याची गाडी घेऊन आली.

देवेशच्या मालकाने लगेच बोलणं फिरवलं. बरं, शेकरू तर शेकरू. कुणीतरी कर्नाटकातून आणून दिली होती, तो माणूस आता कुठे आहे ठाऊक नाही. वनखात्याने त्याच्यावर आणि देवेशवर गुन्हा नोंदवला आणि मला कर्जतला आणलं. मला वाटलं, सुटले. पण खरा पेच पुढेच होता.

वनाधिकारी साहेब भला माणूस होता. तो सुप्रियाला म्हणाला, हिला सोडायचं कुठे? कर्नाटकातली असेल तर तिची पोटजात वेगळी असू शकते. तिला इथल्या रानात सोडली तर इथल्या शेकरांत नको ती सरमिसळ होईल. तिला इथलं रान मानवेल की नाही तेही सांगता येत नाही. जागा कळली नाही तर तिला प्राणिसंग्रहालयात पाठवावं लागेल, कायमची. सुप्रियाने माझा रंग निरखला, शेपटाचं टोक निरखलं. तिला वाटत होतं मी इथलीच. पण ती खोटं बोलणारी नव्हती. रंग वयाप्रमाणे बदलतो, पिंजऱ्यात तो उतरतो, रंगावर शपथ घेता येत नाही, असं तिने स्वतःच सांगितलं. माझे केस तिने तपासणीला पाठवले. उत्तर यायला वेळ लागणार होता, आणि उत्तर आलं तरी ते फार तर प्रदेश सांगणार, झाड सांगणार नव्हतं. तोवर माझे पाय पिंजऱ्यात आणखी लुळे पडणार.

मी हे सगळं ऐकत होते आणि गज चावत होते. मी कुठली आहे यावर सगळे बोलत होते. मी कड्याकडे तोंड करून ओरडत होते, ते कुणाला पुरावा वाटत नव्हतं.

माझा फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरला. पोशीरला शेजारणीने तो इंदूबाईला दाखवला, देवेशच्या फार्महाउसवर कर्नाटकातली शेकरू सापडली म्हणून. इंदूबाईने फोन हातात घेतला, फोटो निरखला आणि मला ओळखलं. मग पोपटपुढे जाऊन बसली. तिने त्याला रागावलं नाही. एवढंच म्हणाली, तू गप बसलास तर ती जन्मभर आत जाईल, आणि तू बोललास तर तू आत जाशील. मी तुझी आई आहे, मी तुला बोल असं सांगू शकत नाही. तुझं तू बघ. हे मला पुढे कळलं, तिने सुप्रियाला सांगितलं तेव्हा.

देवेशलाही धास्ती पडली होती. तो त्यांच्या दारात आला आणि पोपटला बजावून गेला की तोंड उघडलंस तर चौक गावापासून खोपोलीपर्यंत तुझ्या टेंपोला भाडं मिळणार नाही. इंदूबाई पडवीत तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"रस्ता तुज्या मालकानं बांदला नाय रं," ती म्हणाली. "जा तू."

दुसऱ्या सकाळी मायलेक कर्जतच्या वन कार्यालयात आले. मी मागच्या आवारात पिंजऱ्यात होते. साहेब सुप्रियाशी बोलत तिथेच उभा होता. पोपट समोर आला आणि या खेपेला त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"साहेब, ही कर्नाटकातली नाय. हितलीच हाय. मीच उचलली व्हती."

साहेबाने त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. साहेब म्हणाला, "हे लिहून घेतलं की तुझ्यावरही गुन्हा लागेल. मागे घेता येणार नाही. घरी जा, विचार कर, वकिलाला विचार."

"लई इचार केला साहेब. हिची आय वरून ओरडत व्हती, मी बघितली तिला. तरी उचलली. लिवा."

साहेबाने कागद पुढे ओढला. सुप्रियाने विचारलं, जागा दाखवाल का? पोपट म्हणाला, ऐन तर तोडला, पण आई ज्या आंब्यावर होती तो आंबा अजून उभा आहे.

ते सगळे गेले. आंबा होता. आजूबाजूच्या झाडांवर शेकरांची घरटी होती, काही जुनी, एक ताजं. पुढे केसांचा निकाल आला, तोही उत्तर सह्याद्रीचाच. पोटजातीचं नाव त्यांनी कुठे काय लिहिलं मला ठाऊक नाही. माझा पत्ता ठरला, मला तेवढं पुरे होतं.

मला त्याच उतारावर नेलं. आधी झाडाला टेकून एक मोठा जाळीचा पिंजरा बांधला आणि मला त्यात ठेवलं, पायात बळ येईपर्यंत. रोज ताज्या फांद्या, रानातलीच फळं. मग एका सकाळी दार उघडलं. साहेब, सुप्रिया, वाडीतली माणसं, आणि लांब एका दगडावर इंदूबाई. सगळ्यांना वाटलं, मी भुर्रकन जाईन.

मी दारात बसून राहिले. समोरची फांदी जवळ दिसत होती. मी उडी मारली आणि चुकले. पानांतून, काटक्यांतून आदळत थेट जमिनीवर आले. अंगातली हवाच गेली. सुप्रिया धावली. साहेबाने हात आडवा केला, तरी ती पुढे येत होती.

"राहू द्या तिला," इंदूबाई लांबून म्हणाली. "उठंल तिची ती."

मी उठले. जवळच्या खोडाला नखं रोवली आणि चढले. पाय थरथरत होते, तरी चढले. शेंड्याजवळ पोचून मी मोठ्याने ओरडले. खाली सगळ्यांचे चेहरे उजळले. त्यांना वाटलं, मी आभार मानले. मित्रांनो, मी त्यांना हाकललं होतं. हे माझं झाड आहे, निघा इथून, असं मी म्हणाले. इंदूबाईला ते बरोबर कळलं असावं, कारण ती सगळ्यांत आधी उठून चालू लागली.

पुढचं काही सोपं नव्हतं. आई मला भेटली नाही. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या शेकराने मला त्याच्या उंबरावरून पिटाळलं. मी परत गेले, त्याने परत पिटाळलं. मी आणखी परत गेले. शेवटी त्याने अर्धा उंबर सोडला. मोरघार आली की फांदीला पालथं चिकटून दगडासारखं व्हायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. अंगाला ते आधीपासून ठाऊक होतं.

पोपटवरचा खटला अजून चालू आहे. तारखेला तो कर्जतच्या कोर्टात जातो. देवेश आणि त्याचा मालकही जातात, पण ते वेगळ्या बाकावर बसतात. फार्महाउसचं काम गेलं. आता तो आमच्याच बाजूच्या वाड्यांतून भाजी आणि बांबू भरून नेरळला नेतो.

त्या गाडीवाटेमुळे आमचं रान मधोमध फाटलं आहे. वाटेवरून पलीकडे जायला एकाच जांभळाची एक फांदी उरली आहे. बांबूच्या ठेकेदाराने पोपटला सांगितलं, ही फांदी छाट, म्हणजे टेंपोत माल उंच भरता येईल. पोपट म्हणाला, मी माल कमी भरतो. दुसरे गाडीवाले त्याला हसले. तो अजूनही कमीच भरतो. फांदी अजून आहे.

मी त्याला माफ केलं का, असं तुम्ही विचाराल. ते आम्हा शेकरांना जमत नाही. पण त्याचा टेंपो खालून गेला तर मी ओरडत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मला पिल्लू झालं. काल ते पहिल्यांदा त्या फांदीवरून वाटेपलीकडे गेलं. मध्यावर थांबलं, खाली पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. ते गेलं.

मित्रांनो, आमच्यासाठी गहिवरू नका. आम्हाला बिस्किटं टाकू नका, टोपलीत वाढवू नका, जमिनीवर पडलेलं पिल्लू दिसलं तर त्याच्या आईला संधी द्या आणि वनखात्याला कळवा. आमची कोणती पोटजात, नकाशात आम्हाला कोणता रंग भरायचा, ते तुम्ही मोठे झालात की खुशाल ठरवा. पण ठरवायला आम्ही शिल्लक हवे असू तर एवढंच करा, एका झाडाची फांदी दुसऱ्या झाडाला लागू द्या. बाकीचं आमचं आम्ही बघून घेऊ.